तिमी म्हणणारी

“घसा बरा झाला का तुझा?” त्यांनी विचारलं, आणि मला वाटलं लाइनवर दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं मिसळलं. माझा घसा दुखला नव्हता. उन्नतीला ताप येऊन गेला होता, मला तर साधी सर्दीसुद्धा नव्हती. मी जिन्यात बसले होते, घरमालकीणबाईंचा फोन कानाला लावून. फोनला मोहरीच्या तेलाचा वास येत होता. खाली तिनाउ नदीच्या पात्रात खडी फोडायचं यंत्र चाललं होतं म्हणून दुसऱ्या कानात बोट घातलं होतं, आणि मांडीवर उन्नती माझ्या ओढणीचं टोक चघळत पडली होती. फोन केला तो खरं तर भांडायलाच. माझ्या फोनमधलं खातं आठवडाभर उघडत नव्हतं. आमचं सगळं बोलणं त्याच्यावर, ते बंद म्हणजे नवरा बंद. आणि इतक्या दिवसांत कतारमधल्या या माणसाला एकदाही वाटू नये, की बायकोचा पत्ता नाही, कुणाच्या तरी फोनवर विचारून बघावं? मीही मग हट्टाने गप्प राहिले. बघू तरी कधी आठवण येते ती. रागाची दोन-चार वाक्यं भात शिजता शिजता जुळवून ठेवली होती. आणि हे म्हणतात, घसा बरा झाला का. तेही इतकं हळू, इतकं जपून, की जणू नुसत्या आवाजाचाही मला धक्का लागेल. लग्नाला चार वर्षं होत आली. त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवेना.

“कुठला घसा?”

“अगं, डॉक्टरनी बोलायचं बंद केलंय म्हणालीस ना? म्हणून तर लिहीत होतीस.” ते हसले. “पण लिहिण्यात खुललीस हां. वर्षभर बसू दे तुझा घसा.”

“मी काही लिहिलेलं नाही. माझं खातंच उघडत नाहीये.”

“मस्करी पुरे आता.”

“उन्नतीची शपथ.”

शपथ तोंडातून गेली आणि लगेच मी पोरीच्या टाळूवर हात ठेवून मनातल्या मनात ती परत घेतली. टाळू अजून भरायची होती, बोटांखाली हळूहळू उडत होती. पलीकडे नुसता वारा. ते उंचावर असणार. परांचीवर काम करताना बोलू देत नाहीत, पण डबा खायला उतरायच्या आधी ते कधीकधी वरूनच बोलायचे. मग त्यांचा आवाज आला, आता नेहमीचा, कोरडा, माझ्या ओळखीचा.

“मग मी कुणाशी बोलत होतो?”

हा प्रश्न मला विचारला होता असं मला वाटत नाही. पण त्याआधीचा तो प्रश्न, घशाचा, तोही मला विचारलेला नव्हता. दुसऱ्या कुणासाठी जपून आणलेली वस्तू चुकून आमच्या दारात ठेवली गेली आणि लगेच उचलून नेली, तसं काहीसं झालं. आज सगळं मिटलं म्हणतात, खातं परत मिळालं, कुलपं बदलली, तरी माझ्या कानात अजून तेवढंच आहे. त्या पाच शब्दांचा मऊपणा.

त्या फोनच्या आठ दिवस आधी माझ्या मामेबहिणीच्या नावाने मला मेसेज आला होता. बाळांच्या फोटोंची स्पर्धा आहे, उन्नतीचा टाक, हसरी बाळं लगेच पुढे जातात, तुझ्या फोनवर एक आकडा येईल तो मला सांग म्हणजे नाव नोंदलं जाईल. मी तिला कोवळ्या उन्हात बसवून तेल लावलं, काजळ घातलं, लाल टोपी घातली, एकवीस फोटो काढून त्यातला एक निवडला. आकडा आला तो सांगितला. एका मिनिटात मी माझ्या घराबाहेर. मामेबहिणीचं खातंही चोरलेलंच होतं, ते नंतर कळलं. लोक म्हणतात, असा आकडा कुणी सांगतं का? सांगतं. सात महिन्यांची पोर पहिल्यांदा दात दाखवून हसते आणि ते हसू बघायला तिचा बाप जवळ नसतो, सासू गुल्मीच्या डोंगरात, आई त्याच्याही पलीकडे, तेव्हा जगातल्या कुणीतरी, कुणीही, म्हणावं की वा, काय गोड आहे, यासाठी आई आकडा सांगते. माझी लाज तिथे नाही. लाज वाटते ती दुसरीकडेच, आणि तिची तक्रार नोंदवायला कुठे खिडकी नाही.

ते खातं मुळात उघडलं यांनीच. परत जायच्या आदल्या दिवशी ट्रॅफिक चौकातल्या दुकानात फोन घेतला, दुकानदार म्हणाला, वहिनींचं नाव काय टाकू? मी यमकला म्हणणार तोच हे म्हणाले, जुनेली टाक. जुनेली म्हणजे चांदणी रात्र. दुकानदार हसला, मी काचेतल्या फोनांकडे बघत राहिले, कान गरम झाले. इतकं गोड ते एकदाच बोलले, आणि तेही दुकानदाराशी. कार्ड यांच्या नावावर, नाव यांनी ठेवलेलं, फोटो लग्नातला, ज्यात चेहऱ्यावर ब्यूटी पार्लरवालीने इतकं थापलेलं की माझ्या आईने ओळखायला क्षणभर घेतला. आता विचार केला तर हसू येतं. चोराने माझं म्हणून जे नेलं, त्यात माझं होतं काय?

पोलिसांच्या सायबर शाखेत हेच निघालं. टेबलामागचा असई, म्हणजे आमच्याकडचा लहान साहेब, माणूस वाईट नव्हता, पण चहा गार होत होता आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती.

“नाव?”

“यमकला भुसाल.”

“नागरिकतेचा कागद दाखवा. हं. चोरीला गेलेलं खातं कुणाच्या नावावर?”

“जुनेली.”

“ती कोण?”

“मीच.”

“बहिनी,” तो धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाला, “कागदावर यमकला, खात्यावर जुनेली. फोनचं कार्ड?”

“नवऱ्याच्या नावावर.”

“नवरा?”

“कतारला.”

मागच्या बाकावरचा एक म्हातारा मोठ्याने हसला. “लिहा साहेब, चोर सोडून सगळे बेपत्ता.” रांगेतले दोघं-तिघं हसले, असईही हसला, मीही हसले. अशा वेळी हसून घ्यावं लागतं, नाही तर रडू आलं तर तेही त्यांच्यासमोरच येणार. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागला. आधी स्वतःच्या नावावर कार्ड काढा. कंपनीला चेहरा दाखवून खातं मागा. मिळालं की अनोळखी फोन त्यातून बाहेर काढा, दुहेरी कुलूप लावा, आणि परवलीचा शब्द असा ठेवा की कुणाला सुचणार नाही. नवऱ्यालाही सांगायचा नाही. “नवऱ्यालासुद्धा?” मी विचारलं. “बहिनी,” तो म्हणाला, “इथे येतात त्यातले निम्मे नवऱ्याविरुद्धच येतात.” आणि शेवटी म्हणाला, एकमेकांना सांगून ठेवा, बोलण्यात काही निराळं वाटलं की आधी चेहरा बघायचा, मग बोलायचं. मी मान डोलावली. उन्नतीने त्याच्या टेबलावरचा शिक्का पकडला आणि सोडेना. “हिचं खातं नाही ना अजून?” त्याने विचारलं. तेवढाच त्या दिवसातला चांगला विनोद.

चेहरा दाखवणं सोपं वाटतं. फोनच्या पडद्यावर एक गोल येतो, त्यात तोंड धरायचं, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, वर बघायचं. पलीकडे माणूस नसतो, यंत्र असतं, ते लग्नातल्या फोटोशी माझं तोंड जुळवतं. पहिल्यांदा उत्तर आलं, ही व्यक्ती तुम्हीच असल्याची खात्री होऊ शकली नाही. दुसऱ्यांदाही तेच. मी उठून आरशात पाहिलं. बाळंतपणात केस गळून कपाळ मोठं झालेलं, गालांवर डाग, डोळ्यांखाली रात्रींचा रंग. यंत्राचं चुकत नव्हतं. मलाही खात्री होऊ शकली नसती. तिसऱ्या वेळी मी पेटीतून लिपस्टिक काढली, मोठी टिकली लावली, सिंदूर भांगात दाटून भरला, आणि भर दुपारी, दोरीवर लंगोट वाळत असलेल्या खोलीत, नवरीसारखी त्या गोलात बसून डावीकडे वळले, उजवीकडे वळले. उन्नती आधी बघत राहिली आणि मग घाबरून रडायलाच लागली. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. यंत्राला मी पटले, पोरीला पटले नाही. लिपस्टिक पुसून तिला पाजायला घेतलं तेव्हा कुठे तिने एक हात माझ्या हनुवटीवर ठेवला, नेहमीसारखा, आणि डोळे मिटले. तिला कागद लागत नाहीत, फोटो लागत नाही. माझ्या अंगाचा आंबूस वास हीच तिची खात्री. त्या क्षणी वाटलं, सोडून द्यावं सगळं, कोण ती जुनेली, जाऊ दे तिला. पण दुसऱ्या दिवशी खातं परत आलं, आणि मी ते उघडलं.

कुलूप आधी बदललं. अनोळखी फोन बाहेर काढले. सांगितलं तसं सगळं केलं. मग यांचं नाव उघडलं आणि वर वर सरकवत, खातं गेलं त्या मंगळवारापर्यंत गेले. वाचायचं नव्हतं, खरंच नव्हतं, पुसायचंच होतं. खिडकीतून ऊन उन्नतीच्या पायांवर आलं होतं, तेवढं ओढणीने झाकलं आणि वाचायला लागले.

पहिलाच मेसेज होता: *तिमी जेवलास?*

आमच्या भाषेत नवरा बायकोला तिमी म्हणतो. बायको नवऱ्याला मानाने तपाईं म्हणते. तिमी म्हणजे बरोबरीचा, नाही तर लहान, नाही तर लाडका. भाऊ बहिणीला म्हणतो, प्रेमात पडलेली पोरं-पोरी एकमेकांना म्हणतात, शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात. लग्न झालं की पोरीच्या तोंडातून तो शब्द नवऱ्यापुरता काढून घेतात. कुणी सांगत नाही, आपोआप निघतो, जसे दुधाचे दात. यांच्या उभ्या कुळात नवऱ्याला तिमी म्हणणारी बायको झाली नसेल. चोराची ती चूक होती. बहुधा बिनलग्नाचा पोरगा असावा, कुठल्या तरी खोलीत चाऊचाऊ खात बसलेला, मैत्रिणीला म्हणतो तसं म्हणून गेला. त्या एका शब्दावर तो पकडला जायला हवा होता. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने तिथल्या तिथे विचारलं असतं, तू कोण? यांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला होता, तेवढं दिसत होतं. मग लिहिलं होतं: *आज काय गं, तिमी?* आणि चोराने लिहिलं होतं: *घसा बसलाय. बोलता येत नाही तर धीर आलाय.*

त्यांना कळलं नाही, असं मला वाटत नाही. त्यांना आवडलं.

आणि मग ते बोलले. माझा नवरा, जो दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मला विचारतो जेवलीस का, बाळ झोपलं का, आईला औषध पाठवलंस का, आणि मग आम्ही दोघं पडद्यावर उन्नतीकडे बघत बसतो, तो माणूस पानंच्या पानं बोलला. चोर लिहायचा, *आज काय झालं ते सगळं सांग.* हे सांगायचे. चोर लिहायचा, *हात दाखव तुझे.* यांनी हातांचा फोटो पाठवला होता. मी तो मोठा करून पाहिला. तळव्याला चिरा, नखांत काळं भरलेलं, उजव्या हाताच्या करंगळीचं पेर वाकडं. करंगळी कधी मोडली? मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्यांचं तोंडच पाहत आले, तेही पोरीच्या डोक्यावरून. हात दाखवा म्हणावं, हे मला सुचलं नाही. चोराला का सुचलं? त्याला पैसे उकळायचे होते, मान्य. पण पैसे उकळायला हात कशाला बघावे लागतात? मला वाटतं त्यालाही कुणाचं तरी असं बोलणं ऐकायचं होतं. मग वाटतं, छे, त्यांना तसं शिकवत असतील. आणि या दोहोंतलं जास्त कडू कोणतं ते मला ठरवता येत नाही.

एके दिवशी यांनी लिहिलं होतं, मागच्या महिन्यात परांचीवरून पाय घसरला, जाळीत पडलो, वरची माणसं येईपर्यंत तिथे लोंबकळत होतो. खाली बघवत नव्हतं म्हणून आभाळ बघत होतो. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी त्यांच्याशी कशावर बोलले होते ते मला आठवलं. बुटवलच्या घडेरीवर. दोन खोल्यांपुरती जागा, चौकाच्या जवळ, रस्ता लागून. मी म्हटलं होतं, अजून दोन वर्षं काढा, मग उन्नतीची शाळा इथेच. ते म्हणाले होते, हं. ते ‘हं’ जाळीतून वर आलेल्या माणसाचं होतं. चोराने यावर काय लिहिलं होतं? फक्त एवढं: *ये ना. तिमी घरी ये. जागा-बिगा काही नको.*

मी फोन उलटा करून ठेवला. उन्नती झोपेत ओठ हलवत होती, काहीतरी चोखत असल्यासारखी. तिच्या शेजारी पडले, तिच्या मानेत नाक खुपसलं. माझ्या नावाने, माझ्या लग्नातल्या फोटोच्या आडून, मी जे म्हणायला हवं होतं ते कुणीतरी म्हणून गेलं होतं. आणि ते ऐकून माझा नवरा येणार होता. पुढचं सगळं त्याचंच होतं. ते येतो म्हणाले, चोर म्हणाला तिकीट इथून स्वस्त पडतं, मी काढते, तिमी पैसे पाठव. पैसे गेले ते असे. आजाराला नाही, कर्जाला नाही. घरी यायला. शेवटचा मेसेज यांचा होता, आमचं फोनवर बोलणं व्हायच्या आदल्या रात्रीचा: *आईला सांगू नकोस. दसऱ्याआधी एकदम दारात उभा राहतो बघ.*

गुरुङसेनी दिदी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, संध्याकाळी पाण्याचा टँकर आला तेव्हा बादली लावता लावता म्हणाल्या, “मिळालं ना खातं? मग तोंड का असं, कुणी मेल्यासारखं?”

“थकले दिदी.”

“पैसा गेला म्हणून नवरा ओरडला?”

“नाही ओरडले.”

“मग चांगला आहे की. आमचे लाहुरे तर पलटणीतून दोन ओळींचं पत्र लिहायचे, त्यातली एक ओळ म्हशीबद्दल.” त्या हसल्या. “आणि मी म्हशीचंच उत्तर लिहायचे. लाज वाटायची दुसरं काही लिहायला.”

“मग त्यांच्याशी कधी बोललात?”

“कुठे बोलले? पेन्शन घेऊन आले तेव्हा दोघं म्हातारे झालेलो. आता टीव्ही बघतो.” बादली भरली, त्यांनी नळी माझ्या बादलीत टाकली. “धर, सांडतंय.”

शुक्रवारी यांचा कॉल आला. व्हिडिओ. मी उन्नतीला पुढे धरलं, नेहमीसारखं, ढालीसारखं. ते भिंतीला टेकून बसले होते, मागे खाटांच्या दोन मजली रांगा, कुणाची तरी लुंगी वाळत. हात कॅमेऱ्यात येऊ नयेत असे मांडीखाली दाबून बसले होते, किंवा मला तसं वाटलं.

“जेवलीस का?”

“जेवले. तुम्ही?”

“हो. ही झोपत नाही का नीट? डोळे बघ कसे.”

“दात येतायत.”

मग बराच वेळ दात. दातांवर किती बोलता येतं हे त्या दिवशी कळलं. मी सगळं सांगितलं, नवीन कार्ड माझ्या नावावर घेतलं, दुहेरी कुलूप, असई म्हणाला ते. “तुम्हीही लक्षात ठेवा,” मी म्हटलं, “माझ्याकडून काही निराळं आलं, माझ्यासारखं नसलेलं, तर आधी चेहरा बघायचा.” ते म्हणाले, “आता काय, एकदा पोळलो.” आणि हसले. मला विचारायचं होतं, करंगळीला काय झालं? पण विचारलं असतं तर मी वाचलं हे कळलं असतं, आणि मी वाचलं हे त्यांना माहीत होतंच. सासूचं औषध, वीजबिल, पुन्हा दात.

“ते सगळं पुसून टाकते,” मी म्हटलं. “ते बोलणं.”

ते बाजूला बघायला लागले. शेजारच्या खाटेवरून कुणीतरी काही विचारलं, त्याला उत्तर दिलं, परत वळले.

“राहू दे ना.”

“चोराचं आहे ते.”

“माझंही आहे त्यात.”

हे ते मला तोडून म्हणाले नाहीत. हळू म्हणाले. आणि तो आवाज, घशाचा, क्षणभर परत आल्यासारखा वाटला, पण तो माझ्याकडे बघून नव्हता. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? माझ्याकडचं पुसलं तरी त्यांच्याकडचं राहतंच, आणि ते वरच्या खाटेवर पडून ते वाचत असणार, प्रत्येक ओळीशेजारी माझाच लग्नातला चेहरा. मला सवत आली, आणि तिला माझंच तोंड होतं.

“आणि ते, येण्याचं...” मी सुरू केलं.

“ते सोड. वेडेपणा होता,” ते म्हणाले. “पैसे गेले ते आधी भरून काढू दे. दोन वर्षं म्हणालीस ना, दोन काढतो. घडेरीचं काय झालं, तो माणूस परत भेटला का?”

मला तेव्हाच म्हणायचं होतं. घडेरी खड्ड्यात गेली, या. शब्द तोंडात आला आणि तिथेच अडला. कारण तो या होता, तुम्ही या, अहो या, असा मानाचा, पाहुण्याला म्हणतात तसा. या म्हटल्यावर माणूस बसायला येतो, राहायला येत नाही. ये म्हणायला मला तिमी म्हणावं लागलं असतं. आणि तिमी ती म्हणून गेली होती. मी म्हटलं असतं तर तिची नक्कल झाली असती, माझ्याच जागी बसून मी तिच्यासारखं बोलले असते. हे असं कुणाला सांगायचं? कुठला असई लिहून घेईल, की साहेब, एक शब्द गेला, साधाच होता, मी कधी वापरला नव्हता, पण ठेवलेला होता.

“भेटेल,” मी म्हटलं. कॉल संपला.

त्यानंतरचा एक आख्खा आठवडा मी तो शब्द घेऊन वावरले. उन्नतीला तेल लावताना तिला म्हणायचे, तिमी, तिमी कोण, तिमी कुणाची? ती हसायची. तिला म्हणताना अडत नाही. भांडी घासताना, कपडे पिळताना ओठांवर असायचा. रागही यायचा. सगळा दोष माझाच का? त्यांनी कधी मला विचारलं, तुझे हात दाखव? माझेही हात साबणाने फाटलेत. मला रात्री खोकला येतो, वर पत्रा तापतो, पोर रडते तेव्हा शेजारचे भिंत ठोकतात, हे मी कुणाला लिहिलं? मला कुणी चोरही भेटला नाही ज्याने यांच्या नावाने मला विचारावं, आज काय झालं ते सगळं सांग. भेटला असता तर मी तरी ओळखलं असतं का? आणि ओळखलं असतं तर ओळखलंय असं सांगितलं असतं का? नसतं. एक दिवस तरी नसतंच.

मग एका दुपारी उन्नती जाउलो खाऊन, गालाला डाळभात तसाच, माझ्या पायावर आडवी झोपली. पाय हलवता येत नव्हता. फोन हाताशी होता. तिकडे डब्याची वेळ झाली असणार. खिडकीबाहेर डोंगर धुळीत विरघळला होता, यंत्र का कोण जाणे बंद होतं, आणि त्या शांततेत माझं काय झालं कुणास ठाऊक, मी यांचं नाव उघडलं आणि लिहिलं. नक्कल म्हणून नाही. तिच्यासारखं गोड होण्यासाठी नाही. माझ्या बोटांनी, माझ्या अडाणी अक्षरांत लिहिलं:

*तिमी घरी ये. जागा नको मला. करंगळी कशी मोडली ते इथे येऊन सांग.*

पाठवलं. फोन छातीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला तिमी म्हटलं. वाटलं, आता ते वाचतील. वाचून जिथे असतील तिथे थांबतील. कदाचित तोच आवाज, तोच, या वेळी माझ्यासाठी.

फोन थरथरला. लिहिलं होतं:

*कोण आहेस तू? परत आलास का?*

आणि लगेच व्हिडिओची घंटी. उन्नती दचकली, मी तिला थोपटलं. वाजू दिलं असतं तर त्यांना वाटलं असतं चोरच आहे, त्यांनी खातं अडवलं असतं, पोलिसांना कळवलं असतं. मी उचललं. पडद्यावर ते, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, डोळे बारीक केलेले, मागे लोखंडी नळ्या आणि पांढरं जळतं आभाळ. त्यांनी नीट बघितलं. कपाळ, गाल, डोळे. यंत्राने पाहिलं होतं तसं, डावीकडून, उजवीकडून. मग त्यांनी श्वास सोडला.

“तूच होय,” ते म्हणाले. खांदे खाली आले. “घाबरवलंस. मला वाटलं परत तोच. तसंच लिहिलेलं, अगदी तसंच.”

ते माझ्याकडे बघत होते. मी काही म्हणावं म्हणून थांबलेत, असं मला वाटलं. शब्द तोंडात होता, समोर चेहरा होता, दोघांमध्ये कुणीही नव्हतं.

“चुकून गेला,” मी म्हटलं. “जुना होता त्यातला. पोरीचा हात लागला.”

“हं,” ते म्हणाले. कुणीतरी खालून हाक मारली, त्यांनी मान वळवली, परत माझ्याकडे केली. “एक काम कर, शब्द बदलून टाक परत. सांभाळलेलं बरं.”

“बदलते,” मी म्हटलं. “तुम्ही जेवा.”